खुर्ची मिळाली, ओटा कुठं आहे?

पुणे महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. दुसऱ्या दिवशी मतमोजणी, गुलाल, ढोल सगळं रीतसर पार पडलं. त्याआधी जवळजवळ चार वर्षं, म्हणजे मार्च २०२२ पासून, या शहरात एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. आता १६५ जणांचं सभागृह आलं आहे आणि त्यातल्या ८३ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या.

ही काही लहान गोष्ट नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना ३० टक्के जागा १९९० मध्ये मिळाल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून देशभरातल्या शहरांत एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११ मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. ज्यांनी हा आग्रह धरला, त्यासाठी बैठका घेतल्या, टीका ऐकून घेतली, त्या माझ्या आधीच्या पिढीच्या बायका. माझ्या पिढीला हे आयतं मिळालं. तेव्हा आरक्षणानं काय साधलं, असं नाक मुरडून विचारण्याचा हक्क मला नाही, आणि मला तसं विचारायचंही नाही.

मला एकच मुद्दा मांडायचा आहे. आरक्षणानं सभागृहातली खुर्ची बाईला मिळाली. पण त्या खुर्चीला वस्तीशी बांधून ठेवणारी जागा, जिथं शेजारपाजारच्या बायका एकत्र बसून आपल्या भागाचं काय व्हावं ते ठरवतील आणि त्या ठरावाला काही किंमत असेल, ती शहरात तयारच झाली नाही. आपल्या बोलीत सांगायचं तर खुर्ची आली, ओटा आला नाही. आणि हा ओटा मागण्याचं काम दुसरं कुणी करणार नाही. ते आपल्या संघटनांचंच काम आहे.

वस्तीतून दिसणारी निवडणूक

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यापासून मी पुण्याच्या दक्षिण भागातल्या वस्त्यांमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करते. निवडणुकीच्या आधीचे दोन-तीन महिने वस्तीत बायकांना फार मान असतो. देवदर्शनाच्या बसगाड्या निघतात. चौकात मांडव घालून ‘खेळ पैठणीचा’ रंगतो. हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचे डबे मिळतात. मंचावरून ‘माता-भगिनींनो’ अशी साद येते. ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १५०० रुपये खात्यात येऊ लागले, तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या भाषणात आपण ‘लाभार्थी’ झालो आहोत.

या पैशांना आणि साड्यांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नावावर स्वतःचे म्हणून पैसे येतात, ते कुणाला न विचारता ती मुलीच्या क्लासची फी भरते, याची किंमत मला कळते. पण आमच्या गटातल्या एका बाईनं जे सांगितलं ते तुम्हीही ऐका. मी विचारलं होतं, “साडी घेतली म्हणून मत द्यावं लागतं का हो?” ती म्हणाली, “ताई, साडी घेतली म्हणून मत विकलं असं नाही. साडी निदान पाच वर्षांनी एकदा तरी दारात येते. पाण्याचं कुणाला सांगायचं तेच माहीत नाही, मग जे मिळतंय ते घ्यायचं.”

वर्तमानपत्रातून ‘मतदार विकाऊ झाले’ असा गळा काढणाऱ्यांनी या वाक्याचा उत्तरार्ध ऐकायला हवा. सांगायचं कुणाला? तक्रार करायची ठरावीक जागा नसेल, ठरावीक दिवस नसेल, उत्तर देणं ज्याच्यावर बंधनकारक आहे असा माणूस नसेल, तर नागरिकपण उरतं कुठं? मग देणारा आणि घेणारी एवढंच नातं शिल्लक राहतं.

एक साधं उदाहरण देते. आमच्या एका वस्तीतल्या सार्वजनिक संडासाच्या बायकांच्या बाजूच्या दोन दारांना कडी नव्हती आणि आत दिवा नव्हता. रात्री मुलीला न्यायचं तर आईनं बाहेर दार धरून उभं राहायचं. प्रशासकाच्या काळात गटानं चार महिन्यांत तीन निवेदनं दिली. ज्या कचेरीत निवेदन दिलं तिथं सांगितलं, हे विद्युत विभागाचं. विद्युत विभाग म्हणाला, आधी दुरुस्ती होऊ द्या. दुरुस्तीवाले म्हणाले, यंदाची तरतूद संपली. शेवटी बायकांनी वर्गणी काढून कड्या बसवल्या. दिवा मात्र खांबावरून ओढता येत नाही, म्हणून तो राहिला. दोन कड्या आणि एक दिवा! एवढ्यासाठी कुठल्या पक्षाची विचारधारा लागत नाही. लागते ती एक अशी सभा, जिथं तिन्ही विभागांची माणसं एका वेळी समोर बसलेली असतील आणि पुढच्या सभेत त्यांना ‘झालं का?’ असं विचारता येईल.

चार नगरसेवक आणि एक नळ

आता नगरसेवक आले आहेत, तर विचारा की त्यांना, असं कुणी म्हणेल. पण विचारायचं कुणाला? या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभाग होते. त्यांपैकी ४० प्रभागांतून प्रत्येकी चार आणि एकातून पाच जण निवडले गेले. मतदान यंत्रावर अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. प्रभाग पाडताना २०११ च्या जनगणनेची सुमारे ३४ लाख ८१ हजार लोकसंख्या धरली, म्हणजे एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसं. मतदार मात्र सुमारे साडेपस्तीस लाख. म्हणजे ज्या शहराचे तुकडे पाडले त्याच्या कागदावरच्या लोकसंख्येपेक्षा मतदारच जास्त! २०११ नंतर ज्या वस्त्या वाढल्या, जी कुटुंबं आली, ती या हिशेबात कुठं आहेत हे आपणच विचारलं पाहिजे.

ही रचना दर निवडणुकीला बदलते, तीही राज्य सरकारच्या सोयीनं. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकेकाचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोघांचा प्रभाग, २०१७ मध्ये चौघांचा. २०२१ मध्ये तिघांचा प्रभाग ठरला, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चौघांवर आलं. मुंबईत मात्र आजही एका वॉर्डाला एकच नगरसेवक आहे. मुंबईकर बाईला आपला नगरसेवक कोण ते एका नावात सांगता येतं, पुणेकर बाईनं चार नावं का पाठ करायची, याचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

एवढ्या मोठ्या प्रभागाचा पहिला फटका वस्तीतल्या कार्यकर्तीला बसतो. उमेदवार ती एकाच जागेची असते, पण प्रचार तिला पूर्ण प्रभागात करावा लागतो. जी बाई दहा वर्षं रेशनसाठी, नळासाठी, मारहाण झालेल्या शेजारणीसाठी रात्री-अपरात्री धावली, तिला तिच्या वस्तीतली दोन हजार घरं ओळखतात. उरलेल्या सोसायट्या, पेठा, नव्या इमारती तिला ओळखत नाहीत. तिथं पोचायचं तर गाड्या, पत्रकं, माणसं, म्हणजे पैसा; नाहीतर पक्षाचं पॅनेल. आणि पॅनेलमध्ये बाईची जागा कुणाला मिळते, ते आपल्याला माहीत आहे. ज्या पुरुषाचा प्रभाग राखीव झाला त्याच्या बायकोला, आईला, वहिनीला. फलकावर तिच्या फोटोइतकाच त्याचा फोटो मोठा असतो.

यावरून ‘बाहुल्या’ म्हणून त्या बायकांची चेष्टा करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. घराण्याच्या जोरावर पुरुषही निवडून येतात, त्यांना कुणी बाहुले म्हणत नाही. शिवाय नवऱ्याच्या जागी आलेली बाई दोन-तीन वर्षांत फाइल वाचायला लागते, अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारते, हे मी जवळून पाहिलं आहे. पण तिचं हे शिकणं टिकायचं तर तिच्या पाठीशी नवऱ्याच्या गटाखेरीज दुसरा कुणाचा तरी जोर हवा. वस्तीतल्या बायकांची सभा असेल तर ती घरात सांगू शकते, “सभेनं ठरवलंय, मला तसंच बोलावं लागेल.” आज तिला असं सांगायला काही आधारच नाही.

आणखी एक अडसर सांगायला हवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर स्थानिक निवडणूक लढवता येत नाही. किती मुलं व्हावीत हे ज्या बाईच्या हातात कधीच नव्हतं, तिलाच उमेदवारीच्या दारातून परत पाठवणारा हा नियम आहे. वस्तीतल्या किती हुशार, धीट बायका एवढ्या एका कारणानं बाद होतात, हे ज्या गटांनी कुणाला उभं करायचा प्रयत्न केला आहे त्यांना विचारा.

चार सदस्यांच्या प्रभागाच्या बाजूनंही एक मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. या पद्धतीत प्रत्येक प्रभागात निदान दोन स्त्रिया असतात. एकेकाच्या वॉर्डात सोडत निघते आणि या खेपेला बाईसाठी राखीव असलेला वॉर्ड पुढच्या खेपेला खुला होतो, मग पाच वर्षं काम केलेल्या बाईला घरी बसवतात. हे खरं आहे. म्हणूनच नुसतं ‘लहान वॉर्ड द्या’ म्हणून आपलं भागणार नाही. वॉर्ड लहान असो की मोठा, त्याच्या खाली मतदारांची सभा हवी. ती असेल तर कोणत्याही रचनेत नगरसेविकेला वस्तीकडे पाठ फिरवता येणार नाही.

गावाला सभा, शहराला काय?

३० जून २०२१ ला पुण्याच्या हद्दीत २३ गावं आली. त्यांत नांदेड, किरकटवाडी, खडकवासला होती. आदल्या दिवसापर्यंत या गावांतल्या बाईला कायद्यानं ग्रामसभा होती आणि ग्रामसभेच्या आधी फक्त स्त्रियांची सभा घेण्याची तरतूद होती. ती सभा नेहमी नीट होत होती असा माझा दावा नाही. कित्येक गावांत ती सह्यांपुरतीच असते. पण जिथं बायका जिद्दीनं जाऊन बसल्या तिथं दारूपासून पाण्यापर्यंतचे ठराव झाले, हेही आपण पाहिलं आहे. गाव महापालिकेत आलं, ग्रामपंचायत बरखास्त झाली, ग्रामसभा गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. म्हणजे या गावांतल्या लोकांनी निवडून दिलेलं कुणीही जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेत नव्हतं. जवळजवळ साडेचार वर्षं!

याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात जीबीएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडत होते. पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. मग टँकर, तपासण्या, मंत्र्यांच्या भेटी. पाण्याला वास येतो, रंग वेगळा दिसतो हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? रोज हंडा भरणाऱ्या बाईला. तिच्याजवळ ते सांगण्याची जागा होती, ती कायद्यानं काढून घेतली आणि तिच्या बदल्यात काहीच दिलं नाही. गाव शहर झालं की बाईचा हक्क वाढायला हवा. इथं तो घटला.

खरी गंमत पुढंच आहे. शहरासाठी अशा सभेचा कायदा आहे! केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा पैसा हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. म्हणून २००९ मध्ये महाराष्ट्रानं महापालिकांच्या कायद्यात ‘क्षेत्रसभा’ घातली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, त्या यादीतला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य आणि अध्यक्षस्थानी नगरसेवक. सार्वजनिक नळ, रस्त्यावरचे दिवे, स्वच्छतागृहं कुठं असावीत हे सुचवणं, कोणतं काम आधी ते ठरवणं, अशी कामं तिच्याकडे. पैसा आला, रस्ते झाले, उड्डाणपूल झाले. पुण्यातल्या वस्त्यांत क्षेत्रसभा मात्र नियमानं कधी भरल्या नाहीत. आमच्या गटांतल्या बायकांना मी हा शब्द सांगते तेव्हा त्या मलाच विचारतात, “असं काही असतं होय?”

प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना घेण्याची तरतूदही आहे. पण त्या जागांवर पक्षांचेच कार्यकर्ते संस्थेच्या नावानं बसवले जातात, ही पुण्यातली जुनी तक्रार आहे. आणि तीन प्रतिनिधी म्हणजे काही सभा नव्हे.

बायकांच्या थेट मताला किंमत दिली तर काय होतं, त्याचा एक नमुना आपल्याकडे आहे: ‘आडवी बाटली’. २००८ च्या आदेशानं गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के मतदार स्त्रियांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. कितीतरी गावांत बायकांनी हे करून दाखवलं. आता हाच हिशेब पुण्याच्या प्रभागाला लावून बघा. साडेपस्तीस लाख मतदारांना ४१ प्रभागांनी भागलं तर एका प्रभागात चाळीस हजारांच्या आसपास मतदार स्त्रिया येतात. त्यांची चौथाई म्हणजे दहा हजार सह्या! कोणता महिला गट त्या गोळा करील? हक्क कागदावर तोच राहतो, पण क्षेत्र एवढं मोठं करून ठेवायचं की तो वापरताच येऊ नये. प्रभागाचा आकार हा बायकांचा प्रश्न आहे तो असा.

‘आम्ही राजकारणात नाही’

आता थोडं आपल्याविषयी. निवडणूक आली की आपल्यातले बरेच गट आणि संस्था दारं लावून घेतात. ‘आम्ही राजकारणात नाही’ असा फलकच जणू लागतो. याची कारणं मला माहीत आहेत. नोंदणीकृत संस्थेला पक्षीय प्रचार करता येत नाही, देणगीदार बिचकतात, गटात वेगवेगळ्या पक्षांना मानणाऱ्या बायका असतात, त्यांच्यात फूट पडेल अशी भीती असते. पगारी कार्यकर्तीला तर नोकरीचाही विचार करावा लागतो. मीही त्यातलीच. ही बंधनं खरी आहेत.

पण पक्षाचा प्रचार न करणं वेगळं आणि निवडणुकीकडे पाठ फिरवणं वेगळं. या शहरातल्या बायकांनी पालिकेच्या राजकारणात हात घालायला कुणाच्या परवानगीची वाट पाहिलेली नाही. १९२० साली पुणे नगरपालिकेपुढं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसे नाहीत, तेव्हा आधी फक्त मुलांना सक्ती करू, मुलींचं पुढं बघू, असं म्हणणारे वजनदार लोक होते. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रिया मुलींच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना विधिमंडळासाठी मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. ‘आधी मुलगे, पैसे उरले तर मुली’ हा युक्तिवाद आज शंभर वर्षांनीही अंदाजपत्रकात वेष बदलून येतो: आधी उड्डाणपूल, पैसे उरले तर संडास.

मुंबईत मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न घेऊन लढल्या, १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि ‘पाणीवाली बाई’ याच नावानं ओळखल्या गेल्या. खाली वस्ती आणि वर सभागृह, अशा दोन्ही ठिकाणी त्यांचा पाय होता. पुण्यातच बघा. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी आधी ओळखपत्र मिळवलं, मग २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. त्यांनी कुठल्या पक्षाचा झेंडा घेतला नाही. पण सभागृहात काय चाललंय यावर त्यांना सतत डोळा ठेवावा लागतो. करार संपला की दर वेळी कुणी ठेकेदार पुढं येतो, आणि त्या बायकांची रोजीरोटी त्या सभागृहातल्या हात वर करण्यावर अवलंबून असते. १९९९ च्या सुमाराला महापालिकेनं वस्त्यांमधले संडास बांधायला संस्थांना बोलावलं, तेव्हा महिला मिलनच्या वस्तीतल्या बायकांनी स्वतः कामं घेतली. दार कुठं असावं, मुलांसाठी वेगळी सोय कशी असावी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्या रोजच्या त्रासानंच ते शिकवलं होतं.

या सगळ्यांतून मला एक दिसतं. वस्तीची संघटना आणि पालिकेचं सभागृह यांच्यातला रस्ता ज्यांनी वापरता ठेवला, त्यांच्या पदरात काही पडलं. ज्यांनी तो पाच वर्षांतून एक दिवस वापरला, त्यांना डबा मिळाला.

आता काय करायचं

शासनाकडे आपली मागणी स्पष्ट हवी. २००९ च्या तरतुदीप्रमाणे पुण्यात क्षेत्रसभा भरल्याच पाहिजेत. त्यांच्या आधी, गावाप्रमाणेच, स्त्रियांची वेगळी सभा हवी. ती दुपारी तीन ते पाच किंवा रात्री स्वयंपाक उरकल्यावर घ्यावी, कारण सकाळी अकराला वस्तीतली बाई कामावर असते. जागा वस्तीतलीच हवी. चौघांच्या प्रभागात अध्यक्ष कोण, हा घोळ कायद्यात दुरुस्ती करून मिटवावा. आणि इतिवृत्त सोप्या मराठीत लिहून फलकावर लावावं.

यावर दोन शंका नेहमी येतात. पहिली, या सभाही दादा-भाऊंच्या ताब्यात जातील. जातील, सुरुवातीला नक्की जातील. ग्रामसभेतही तसंच झालं. पण बंद खोलीत होणाऱ्या वाटपापेक्षा उघड्यावर होणारी दादागिरी अडवणं सोपं असतं, कारण तिला शंभर साक्षीदार असतात. दुसरी शंका, बायका येणार नाहीत, त्यांना वेळ नसतो. वेळ नसतो हे खरंच. पण ज्या सभेतून काही निष्पन्न होत नाही तिथं कुणीच का यावं? एकदा दिवा लागला की पुढच्या सभेला त्या शेजारणीला घेऊन येतात.

शासन हे करील तोवर आपण थांबायचं कारण नाही. प्रत्येक गटानं आपापल्या वस्तीत दर तीन महिन्यांनी ओट्यावर सभा घ्यावी. प्रभागातल्या चारही नगरसेवकांना आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्यांना लेखी बोलवावं. आले तर उत्तम. न आले तर त्यांचं नाव आणि ‘गैरहजर’ असं इतिवृत्तात लिहून ते फलकावर लावावं. निवडणुकीत त्यांचे फलक आपण पाच वर्षांनी एकदा वाचतो, आपला फलक त्यांनी वर्षातून चार वेळा वाचावा.

पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत ठेवली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतची लहान कामं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून सुचवता येतात. हे अर्ज बहुतेक सोसायट्यांतले जाणते नागरिक भरतात, वस्त्यांतून फार थोडे जातात. गटातल्या लिहित्या-वाचत्या मुलींना बसवून एका दुपारी पन्नास अर्ज भरता येतील. संडासाची कडी, गल्लीतला दिवा, बालवाडीची फरशी. जे काम नाकारलं त्याचं कारण माहिती अधिकारात विचारता येतं. हे रटाळ काम आहे, पण वस्तीचा वर्षभराचा हिशेब याच कामातून हातात येतो.

आणि आपल्यातली एखादी निवडणुकीला उभी राहू म्हणाली तर? संस्थेला प्रचार करता येणार नाही, पण मैत्रिणींना येतो. तिची मुलं सांभाळता येतात, तिच्या घरचा स्वयंपाक करता येतो, वर्गणी काढता येते. शिवाय पडली तरी तिला तोंड लपवायला लागू नये, एवढी माया आपण तिच्यावर केली पाहिजे. निवडून आली तर मात्र तिनं ओट्यावर येऊन हिशेब द्यायचा, हे आधीच ठरवून घ्यावं. पुढच्या निवडणुकीचं धोरण त्या वर्षी ठरवून उपयोग नाही, ते आताच, गुलाल वाळायच्या आत ठरायला हवं.

तुमच्या शहरात, तुमच्या वस्तीत अशी सभा कुणी घेऊन पाहिली असेल, तिला माणसं आली असतील किंवा नसतील, दिवा लागला असेल किंवा राहिला असेल, तर ते या अंकाला जरूर लिहून कळवा. पुण्यातले आमचे काही गट येत्या तिमाहीत पहिली सभा घेणार आहेत. विषयपत्रिकेवर पहिला विषय आहे, संडासातला दिवा.